वायकिंग्जची शीट: जानेवारी ते सप्टेंबर 2024 च्या प्रकल्प नोंदी

13 जानेवारी 2024, शनिवार

आजपासून एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचे, प्लेऑफ. आपले वायकिंग्ज घरी बसलेत, म्हणून मीही मोकळी.

प्रकल्प असा: मिनेसोटा वायकिंग्जचा 2024 चा संघ कागदावर बांधायचा. कोणाला ठेवायचं, कोणाला जाऊ द्यायचं, फ्री एजंट (करार संपून मोकळा झालेला खेळाडू) म्हणून कोण आणायचं, ड्राफ्टमध्ये (कॉलेजातल्या पोरांची वार्षिक निवड, संघ क्रमांकानुसार फेरी-फेरीनं एकेक पोरगा उचलतात) कोण उचलायचं, हे सगळं खऱ्या संघाच्या आधी लिहायचं. नियम एकच, लिहिलेलं नंतर खोडायचं नाही. चुकलं तर शेजारच्या रकान्यात 'चुकलं' लिहायचं. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या शीट भरते, ही एक माझी.

हा फुटबॉल म्हणजे हेल्मेटवाला, अमेरिकेचा. 2017 मध्ये कंपनीनं मिनीॲपोलिसला पाठवलं, तिथं पहिल्याच हिवाळ्यात, 14 जानेवारी 2018 ला, शेवटच्या चेंडूवर स्टीफन डिग्जनं पळत जाऊन न्यू ऑर्लीन्सला हरवलं. बाहेर उणे तापमान आणि आमच्या मजल्यावरचे शेजारी बनियनवर जिन्यात नाचत होते. त्या दिवशी जे लागलं ते पुण्याला परतूनही सुटलं नाही. चार सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, खेळले, चारही हरले, असा संघ आहे. सवय लागली की सुटत नाही.

परिस्थिती: 7 विजय, 10 पराभव. 29 ऑक्टोबरला ग्रीन बेमध्ये कर्क कझिन्सची टाचेमागची शीर तुटली आणि हंगामही तिथंच तुटला. कझिन्स, हॉल, डॉब्स, मलन्स, असे चार क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारे मुख्य खेळाडू, एका वर्षात सुरुवातीला उभे केले. 24 डिसेंबरला चेंडू झेलणाऱ्या हॉकेनसनचा गुडघा गेला. कझिन्सचा करार संपतोय, पलीकडच्या क्वार्टरबॅकला आडवा करणारा डॅनिएल हंटरही मोकळा होतोय. ड्राफ्टमध्ये आपला क्रमांक 11 वा.

शीटमध्ये चार टॅब केले: आहेत, जातील, आणायचे, ड्राफ्ट.

28 जानेवारी

पूर्ण रविवार करार समजण्यात गेला. 'आहेत' टॅबमध्ये खेळाडूच्या नावापुढे पगार लिहून बेरीज मारली की झालं, असं वाटलं होतं. तसं नाही.

एनएफएलमध्ये प्रत्येक संघाला वर्षाला खर्चाची एकच मर्यादा असते, तिला कॅप म्हणतात. ती सगळ्यांना सारखी आणि ओलांडता येत नाही. पण सही करताना खेळाडूला जी रक्कम हातात मिळते, ती हिशेबात एकाच वर्षी दाखवावी लागत नाही. कराराच्या वर्षांवर सारखी वाटता येते, जास्तीत जास्त पाच वर्षं. पाच वर्षांच्या करारात 5 कोटी डॉलर सहीला दिले, तर दर वर्षी कॅपमध्ये 1 कोटी दिसणार. दोन वर्षांनी खेळाडू काढला, तर उरलेले 3 कोटी एकदम अंगावर. खेळाडू दुसऱ्याच्या मैदानात आणि त्याचे पैसे आपल्या वहीत. याला तिकडे मेलेला पैसा म्हणतात.

आमच्याकडे याला उचल म्हणतात. शब्द सापडल्यावर पुढचं सगळं सोपं गेलं. रकान्याचं नावच 'उचल बाकी' ठेवलं.

आणखी एक चलाखी: कराराच्या शेवटी नुसती नावाला वर्षं जोडायची. त्या वर्षांत खेळाडू खेळणार नाही हे दोघांनाही ठाऊक असतं, पण उचल वाटायला तेवढे जास्त हप्ते मिळतात. मी त्यांना 'पोकळ वर्षं' म्हणते. कझिन्सच्या करारात ती भरलेली आहेत. 13 मार्चपर्यंत नवा करार झाला नाही, तर पोकळ वर्षांचं ओझं एकदम 2024 वर पडणार: 2 कोटी 85 लाख डॉलर. हंटरचंही तेच, दीड कोटीच्या आसपास. आणि हंटरवर फ्रँचायझी टॅग लावून त्याला एक वर्ष अडवावं म्हटलं, तर गेल्या वर्षीच्या करारात टॅग लावणार नाही असं लिहून दिलंय.

12 फेब्रुवारी, सोमवार

पहाटे पाचला उठून सुपर बोल पाहिला. कॅन्सस सिटी 25, सॅन फ्रान्सिस्को 22, जादा वेळेत. नऊला ऑफिसची मीटिंग होती, कॅमेरा बंद ठेवला.

शीटसाठी काही मिळालं नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या राखीव क्वार्टरबॅककडे कोण बघतं?

24 फेब्रुवारी

कॅपचा आकडा काल जाहीर झाला. 25 कोटी 54 लाख डॉलर. गेल्या वर्षी 22 कोटी 48 लाख होता. तीन कोटींनी उडी, आणि शीटमधला लाल आकडा एका रात्रीत हिरवा झाला. दोन मिनिटं आनंद झाला. मग लक्षात आलं, उडी 32 ही संघांची झालीये. बाजारात सगळ्यांच्याच खिशात पैसे आल्यावर भाजी स्वस्त होत नसते.

तरी हिशेब मांडला. कझिन्स आणि हंटर दोघेही गेले तर त्यांची उचल बाकी सव्वाचार कोटींच्या वर. म्हणजे कॅपचा सहावा हिस्सा इथं नसलेल्या माणसांवर.

योजना 'अ' लिहून टाकली:
कझिन्स: दोन वर्षं, वर्षाला साडेतीन कोटी. वय 35, तुटलेली शीर, तिसरं वर्ष द्यायचं नाही.
हंटर: दोन वर्षं, वर्षाला सव्वादोन कोटी.
11 वा क्रमांक: बचावातला कोणीतरी दांडगा.

2 मार्च

शीट गेले महिनाभर चूक होती. मिनीॲपोलिसजवळच्या एडन प्रेरीतल्या मित्राला लिंक पाठवली होती. आम्ही तिथं एकाच प्रोजेक्टवर होतो, तो राहिला, मी आले. त्यानं पहिल्याच मिनिटाला विचारलं, "तू सगळ्या ओळींची बेरीज का मारलीस?"

उन्हाळ्यात संघाकडे 90 पर्यंत खेळाडू असू शकतात, पण तोवर कॅपमध्ये फक्त सगळ्यात महागडे 51 धरतात. हंगाम सुरू होताना 53 उरतात, तेव्हा सगळे मोजायचे. मी साठ-पासष्ट ओळी जोडून बसले होते आणि रोज हळहळत होते. शिवाय नवा माणूस 70 लाखांना घेतला, तर कॅपमधून 70 लाख जात नाहीत. तो 51 च्या आत शिरतो, तळातला एक बाहेर पडतो, त्याचे आठ-नऊ लाख परत मिळतात. सूत्र बदललं: आधी उतरत्या क्रमानं लावायचं, मग वरचे 51. रात्री एक वाजला. आता बेरीज जुळते.

तिकडे इंडियानापोलिसला ड्राफ्टच्या पोरांची परीक्षा चालू आहे. अलाबामाचा डॅलस टर्नर, वजन 112 किलो, 40 यार्ड 4.46 सेकंदांत पळाला. 40 यार्ड म्हणजे साडेछत्तीस मीटर. 112 किलोचा माणूस त्या वेगानं अंगावर येतोय हे डोळ्यांसमोर आणा. 'ड्राफ्ट' टॅबमध्ये 11 व्या क्रमांकापुढे त्याचं नाव लिहिलं आणि ठळक केलं.

12 मार्च, मंगळवार

काल रात्री साडेनऊला, त्यांच्या दुपारी बाराला, बोलणी उघडली. करारावर सह्या बुधवारी, पण बोलायला कालपासून परवानगी. बोलायला म्हणजे काय, सगळं ठरवूनच बसलेले असतात.

कझिन्स अटलांटाला. चार वर्षं, 18 कोटी, त्यातले 10 कोटी हमीचे.

माझ्या योजनेत दोन वर्षं होती. आता समजतं, वायकिंग्जच्या डोक्यातही चार नसणारच. क्वेसी अडोफो-मेन्सा हा त्यांचा जनरल मॅनेजर, प्रिन्स्टनला अर्थशास्त्र शिकलेला, वॉल स्ट्रीटवर काम केलेला माणूस. तो 35 वर्षांच्या टाचेवर चार वर्षांचा पैसा लावणार नव्हता. भांडण वर्षाला किती यावर नव्हतं, किती वर्षं यावर होतं. माझ्या शीटमध्ये रकमेचे सहा रकाने आहेत आणि वर्षांचा एक, तोही अगदी उजवीकडे, स्क्रोल केल्याशिवाय न दिसणारा. आज तो उचलून नावाच्या शेजारी आणला.

त्याच रात्री ह्यूस्टनकडून जोनाथन ग्रीनार्ड आला: चार वर्षं, 7 कोटी 60 लाख. मायामीचा अँड्र्यू व्हॅन गिंकल: दोन वर्षं, 2 कोटी. बचावाचा प्रशिक्षक ब्रायन फ्लोरेस मायामीत असताना हा त्याच्याच हाताखाली होता, म्हणजे ओळखीचा माणूस. आणि बचावातला लाइनबॅकर ब्लेक कॅशमन: तीन वर्षं, 2 कोटी 25 लाख. कॅशमन मूळचा एडन प्रेरीचा. मित्राचा मेसेज आला, "आमच्या गावचा पोरगा." हा स्वतः नाशिकचा.

माझ्या 'आणायचे' टॅबमध्ये या तिघांपैकी एकही नव्हता. चुकलं, चुकलं, चुकलं.

14 मार्च

हंटर ह्यूस्टनला गेला. दोन वर्षं, 4 कोटी 90 लाख, जवळपास सगळे हमीचे. म्हणजे ग्रीनार्ड तिकडून इकडे आणि हंटर इकडून तिकडे. गेल्या हंगामात हंटरनं साडेसोळा वेळा क्वार्टरबॅक पाडला, ग्रीनार्डनं साडेबारा. हंटर सरस, पण ग्रीनार्ड तीन वर्षांनी लहान आणि वर्षाला अडीच कोटी नाही, पावणेदोन-दोन कोटींच्या घरात. अशी अदलाबदल मला सुचली नसती. मी हंटरच्या ओळीत हंटरच लिहून बसले होते.

आणि क्वार्टरबॅक? सॅम डार्नल्ड. एक वर्ष, 1 कोटी. 2018 च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर न्यूयॉर्क जेट्सनं घेतलेला, तिथं जमलं नाही, मग कॅरोलायना, मग सॅन फ्रान्सिस्कोत राखीव. 12 फेब्रुवारीची नोंद वर आहे, नियमाप्रमाणे खोडत नाही.

शेरा लिहिला: 'कामचलाऊ. ड्राफ्टमधला पोरगा तयार होईपर्यंत.'

रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा, एरन जोन्स शत्रूकडून आला. ग्रीन बेनं त्याला सोमवारी काढलं आणि मंगळवारी आपण 70 लाखांना उचलला. यात एक गंमत आहे. चांगले फ्री एजंट गमावले तर लीग पुढच्या वर्षी भरपाई म्हणून ड्राफ्टमध्ये जादा निवडी देते. पण गमावलेल्यांतून आणलेले वजा होतात. कझिन्स आणि हंटर गेले, ग्रीनार्ड वगैरे आले, एकमेकांना खातात. जोन्सला मात्र त्याच्या संघानं स्वतःच काढलंय, त्याचा करार संपला नव्हता, म्हणून तो वजाबाकीत येत नाही. शत्रूचा माणूस, भरपाईला धक्का नाही. 'भरपाई' नावाचा पाचवा टॅब केला. नवरा म्हणाला, "पगार मिळतो का याचा?"

16 मार्च

ह्यूस्टनशी सौदा. आपण 42 वा आणि 188 वा क्रमांक दिला, शिवाय 2025 ची दुसरी फेरी. मिळाला 23 वा आणि 232 वा.

आता पहिल्या फेरीत आपले दोन: 11 आणि 23. ड्राफ्टला सहा आठवडे बाकी असताना ही खरेदी कशाला? वर चढायला. एखादा क्वार्टरबॅक त्यांच्या डोळ्यात भरलाय आणि 11 वर तो उरणार नाही अशी भीती आहे.

टर्नरचं नाव 11 वरून खाली आणलं, 23 समोर प्रश्नचिन्हासकट ठेवलं. 11 समोर क्वार्टरबॅक. कोण ते उद्या.

9 एप्रिल, गुढीपाडवा

गावी आलेय, दर्यापूर तालुका. सकाळी गुढी उभारली, कडुलिंब खाल्ला, आणि अंगणात बाबांपुढे सालदार येऊन बसला.

आमच्याकडे सालदाराचं वर्ष पाडव्याला संपतं आणि पाडव्यालाच नवं सुरू होतं. वर्षाचा पैसा ठरतो, त्यातली उचल हातात दिली जाते, वरती धान्य, कपडे. या वेळी शेजारच्या वावरवाल्यानं आमच्या माणसाला जास्तीचं बोलून ठेवलंय हे बाबांना आधीच कळलं होतं. तासभर बैठक चालली. कोणी आवाज चढवला नाही. शेवटी बाबांनी पाच हजार वाढवले आणि दोन वर्षांचा शब्द मागितला. त्यानं एकाच वर्षाचा दिला. चहा झाला.

मला हसू आवरेना. दुपारी बाबांना शीट दाखवली, 13 मार्चची तारीख दाखवली. त्यांनी चष्मा वर सरकवून कझिन्सची ओळ पाहिली.

"म्हणजे उचल देली अन् माणूस दुसऱ्याच्या वावरात गेला?"

"हो. 2 कोटी 85 लाख डॉलर."

"मंग भोगा म्हणा," बाबा म्हणाले. थोडं थांबून, "अन् उचल देल्ली कोन? त्याच मुनीमानं का?"

हा प्रश्न महिनाभरात मला पडला नव्हता. 2018 मध्ये कझिन्सला तीन वर्षांचे 8 कोटी 40 लाख, सगळेच्या सगळे हमीचे, देऊन आणलं ते आधीच्या मॅनेजरनं. मग मुदतवाढी झाल्या आणि पोकळ वर्षं साठत गेली. क्वेसी 2022 च्या जानेवारीत आला. काही त्याला वारशात मिळालं, काही त्यानंही पुढं ढकललं. मी 2024 चा संघ बांधतेय असं समजत होते. खरं तर यातली बरीचशी शीट 2018 पासून कोणी ना कोणी भरत आलंय.

20 एप्रिल

ड्राफ्टच्या क्रमांकांना भाव असतो. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलसच्या जिमी जॉन्सनच्या काळात एक तक्ता बनवला गेला, तो अजून चालतो. पहिला क्रमांक 3000 गुणांचा. तिसरा 2200. अकरावा 1250. सतरावा 950. तेविसावा 760. बेचाळिसावा 480. पुढच्या वर्षीची निवड असेल तर एक फेरी खाली धरायची, कारण वर्षभर थांबायला कोणी फुकट तयार होत नाही. आता नवे, हुशार तक्ते आहेत, पण सौदा रास्त झाला का हे बघायला लोक अजून हाच उघडतात. सराफाकडे डिजिटल काटा असला तरी आजी तोळ्यातच बोलते, तसं.

मित्राला क्वार्टरबॅक ड्रेक मे हवाय. त्यासाठी तिसरा क्रमांक पाहिजे. 11 आणि 23 मिळून 2010. 190 कमी पडतात. "पुढच्या वर्षीची पहिली फेरी देऊन टाक," तो म्हणतो. मी म्हटलं, दुसरी आधीच दिलीये, पहिलीही दिली तर 2025 मध्ये काय शिळ्या भाकरीवर जगायचं? वाद दोन तास चालला. तो वायकिंग्जच्या जर्सीत बसून बोलत होता, त्यामुळे निष्पक्ष नव्हताच.

माझी निवड: मिशिगनचा क्वार्टरबॅक जे. जे. मॅकार्थी. वय 21. सुरुवातीपासून उभा राहिलेल्या 28 सामन्यांपैकी 27 जिंकले, 8 जानेवारीला वॉशिंग्टनला हरवून राष्ट्रीय विजेतेपद. आक्षेप एकच, त्याला चेंडू फेकायला लावतातच कुठे? पेन स्टेटविरुद्ध मिशिगननं सलग 32 वेळा नुसता पळूनच चेंडू नेला. अख्ख्या सामन्यात त्यानं आठ वेळा फेकला. उत्तम स्वयंपाक येतो म्हणतात, पण लग्नात फक्त वाढायला उभा केलेला पाहिलाय. तरी वय आणि स्वभाव बघता, आणि शिकवायला मुख्य प्रशिक्षक केव्हिन ओकॉनेल आहे म्हणून, मी त्यालाच लावते.

26 एप्रिल, शुक्रवार

पुन्हा गावी. आज आमच्याकडे लोकसभेचं मतदान, आणि आजच पहाटे साडेपाचला डेट्रॉइटला ड्राफ्ट सुरू. माझं नाव अजून गावच्याच यादीत आहे, त्यामुळे एका सुट्टीत दोन्ही.

ओसरीवर फोन तांब्याला टेकवून ठेवला. नेट अडखळत होतं, एक क्रमांक दिसला की पुढचे दोन गडप. आई शेण-सडा आटपून येता-जाता विचारत होती, "लागला का नंबर?"

पहिला केलेब विल्यम्स शिकागोला. दुसरा जेडन डॅनियल्स वॉशिंग्टनला. तिसरा ड्रेक मे, न्यू इंग्लंडनं विकला नाही. मित्राचा रडका चेहरा आला. मग आठवा क्रमांक, अटलांटा. त्यांनी मायकल पेनिक्स घेतला. क्वार्टरबॅक! सहा आठवड्यांपूर्वी कझिन्सला 10 कोटींची हमी देणाऱ्या अटलांटानं! मी एवढ्या जोरात ओरडले की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

मग वायकिंग्जनं अकराव्यावरून दहाव्यावर उडी मारली. जेट्सना 11, 129 आणि 157 दिले, 10 आणि 203 घेतले. आणि मॅकार्थी. 11 समोर लिहिलेलं नाव 10 वर आलं. बरोबर धरायचं की अर्धं? 'बरोबर' लिहिलं.

बाबा मतदानाला निघायच्या तयारीत, टोपी झटकत उभे. त्यांना सांगितलं.

"काहून वं, एका नंबरासाठी दोन पोट्टे देले?"

कोणीतरी मध्ये घुसेल म्हणून, मी म्हटलं. डेन्व्हर बाराव्यावर बसलंय, त्यांनाही क्वार्टरबॅक हवाय, त्यांनी दहावा विकत घेतला असता तर आपण बघत बसलो असतो. पाच मिनिटांनी डेन्व्हरनं बो निक्स घेतला आणि बाबांनी मान हलवली. मंडईत दहा रुपये वाढवून भाजी उचलतो तो माणूस, त्याला हे पटायला वेळ लागला नाही.

पहिल्या 14 निवडींत बचावाचा एकही खेळाडू गेला नाही. सगळे आक्रमणातलेच. म्हणजे बचावातले सगळे अजून टोपलीत. पंधराव्याला लातू, सोळाव्याला मर्फी, आणि सतराव्याला पाटीवर पुन्हा वायकिंग्ज. 23 वा जॅक्सनव्हिलला दिला, सोबत 167 वा आणि 2025 ची तिसरी आणि चौथी फेरी. डॅलस टर्नर.

2 मार्चला 11 समोर ठळक केलेलं नाव सतराव्याला मिळालं. 23 वरून 17 म्हणजे जिमीच्या तक्त्यात 190 गुण, ड्रेक मेला जेवढे कमी पडत होते तेवढेच.

मग शाळेत जाऊन रांगेत उभी राहिले. बोटाची शाई वाळायच्या आत मित्राचा फोन.

28 एप्रिल

परतीच्या गाडीत उरलेल्या फेऱ्या भरल्या. चौथ्या फेरीत, 108 व्या क्रमांकावर, ओरेगनचा बचावातला कॉर्नरबॅक कायरी जॅक्सन. याची गोष्ट वाचण्यासारखी आहे: शाळेनंतर फुटबॉल सुटला होता, किराणा दुकानाच्या काउंटरवर काम करत होता, मग दोन छोटी कॉलेजं, मग अलाबामा, मग ओरेगन. सहाव्या फेरीत 203 वर किकर विल रिकार्ड. हा तोच 203, जेट्सकडून सुट्ट्या पैशांसारखा परत आलेला.

पगाराचं गणित. ड्राफ्टमधल्या पोरांचा पैसा क्रमांकावरून ठरलेला असतो, घासाघीस जवळजवळ नाही. मॅकार्थीला चार वर्षांचे मिळून 2 कोटी 20 लाखांच्या आसपास. कझिन्स अटलांटाकडून वर्षाला सरासरी साडेचार कोटी घेणार. मॅकार्थीची चार वर्षं कझिन्सच्या सहा महिन्यांत बसतात. पोरगा बरा निघाला तर चार वर्षं बाकी संघ श्रीमंत.

4 जून

आपल्या चेंडू झेलणाऱ्या जस्टिन जेफरसनचा करार काल झाला. चार वर्षं, 14 कोटी, त्यातले 11 कोटी हमीचे. क्वार्टरबॅक सोडून लीगमध्ये इतका पैसा आजवर कोणाला नाही. वर जे वाचलेले पैसे म्हटलं, ते इथं गेले. योग्यच गेले. त्याला जाऊ देणं म्हणजे वावर विकून ट्रॅक्टर घेणं.

14 जून

अटलांटाला अडीच लाख डॉलर दंड आणि 2025 ची पाचवी फेरी जप्त. मार्चमध्ये ठरलेल्या वेळेआधीच कझिन्सशी संपर्क केला म्हणून. आपल्याला यातून काही मिळत नाही. तरी बरं वाटलं.

8 जुलै

कायरी जॅक्सन शनिवारी मेरीलँडमध्ये कारच्या अपघातात गेला. सोबत शाळेच्या संघातले त्याचे दोन मित्र होते, तेही गेले. 24 वर्षांचा होता.

शीट उघडली. 'ड्राफ्ट' टॅब, चौथी फेरी, 108. त्याच्या नावापुढे मी चार वर्षांचा पगार भरला होता, 2027 पर्यंत. ओळ काढावी का, काढली तर खालच्या बेरजा सरकतात. आकडे पुसले आणि नाव तसंच ठेवलं.

आज पुढं काही भरलं नाही.

11 ऑगस्ट

पहिला सराव सामना, रेडर्सविरुद्ध, 24-23 जिंकलो. मॅकार्थी: 17 पैकी 11 फेकी पोचवल्या, 188 यार्ड, दोन टचडाउन (चेंडू समोरच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवणं), एक चेंडू पळवला गेला. पहिल्याच फेऱ्यांत चेंडू चुकीच्या हातात दिला आणि नंतर असा सावरला की जणू काही झालंच नाही. डार्नल्डच्या ओळीतल्या 'कामचलाऊ'च्या पुढे 'ऑक्टोबरपर्यंत' लिहिलं. मित्राचं म्हणणं सप्टेंबर.

15 ऑगस्ट

सकाळी सोसायटीत झेंडावंदन झालं, जिलबी हातात आणि फोनवर बातमी. मॅकार्थीच्या उजव्या गुडघ्याची गादी फाटली होती, शस्त्रक्रिया झाली, हंगाम संपला. एक सराव सामना, 17 वेळा फेकणं, आणि संपला.

शस्त्रक्रियेत गादी कापून टाकली नाही, शिवली. कापली असती तर काही आठवड्यांत परतला असता, पण गुडघा पुढं कधीतरी तक्रार करतो. शिवली की वर्ष जातं, गुडघा राहतो. चार महिन्यांपूर्वी मी म्हटलं असतं, कापा आणि खेळवा. आता वर्षांचा रकाना नावाच्या शेजारी आहे ना, तिथं 21 लिहिलंय.

'ऑक्टोबरपर्यंत' समोर 'चुकलं'. डार्नल्ड, एक वर्ष, 1 कोटी, पूर्ण हंगाम.

9 सप्टेंबर

गणपतीसाठी गावी. काल रात्री साडेदहाला न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध पहिला सामना. आरती उरकून, नैवेद्याचे मोदक ताटलीत घेऊन ओसरीवर बसले. आई-बाबा झोपतील असं वाटलं होतं, बाबा खुर्ची ओढून आले.

28-6 जिंकलो. डार्नल्डनं 24 पैकी 19 फेकी पोचवल्या, 208 यार्ड, दोन टचडाउन. व्हॅन गिंकलनं समोरच्या क्वार्टरबॅकचा चेंडू हवेतच झेलला आणि तसाच पळत आत गेला, 112 किलो नाही पण दार तोडून आल्यासारखा. एरन जोन्सनंही टचडाउन केला. मार्चमध्ये आणलेली माणसं, माझ्या टॅबमध्ये नसलेली, एकापाठोपाठ एक पडद्यावर येत होती. मी 'चुकलं'चे रकाने मोजत होते, सतरा झाले.

'2025' नावाचा नवा टॅब काल रात्रीच उघडला. पहिली फेरी आहे. दुसरी ह्यूस्टनकडे. तिसरी आणि चौथी जॅक्सनव्हिलकडे. कझिन्स गेल्याची भरपाई मिळेल, वजाबाकीतून काय उरतं ते बघायचं. मॅकार्थी, वय 22, गुडघा शिवलेला.

बाबा डार्नल्डकडे बोट दाखवून म्हणाले, "हा पोट्टा चांगला हाय. याचं साल कधी सरते?"

मी त्याच्या ओळीत 'कामचलाऊ'च्या पुढे लिहिलं: मार्च.